जेवणाच्या सुट्टीत चढणारा काटा

एकोणीसशे एकोणऐंशी सालचा दसरा होऊन आठ दिवस झाले होते. मंगळवार होता. सकाळी साडेदहाला आठल्ये साहेब आमच्या लाइनवर आले आणि हातातला पत्र्याचा डबा त्यांनी टेबलावर पालथा केला. फुटक्या स्विचांचा ढीग खडखडत पसरला. काही खाली पडले. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

"तीनशे बारा," साहेब म्हणाले. "कालच्या एका दिवसात. दसऱ्याआधी किती फुटायचे? तीस. फार तर चाळीस."

आम्ही अठराजणी उभ्या होतो. नाशिकच्या सातपूर वसाहतीतला तो कारखाना. घरातल्या भिंतीवर असतात ते काळे बॅकेलाइटचे स्विच तिथे तयार व्हायचे. तांब्याची पट्टी स्विचच्या पोटात बसवायची, वर रिव्हेट ठेवायचं, पायाने पॅडल दाबायचं, की वरून हवेचा दट्ट्या खाली येऊन रिव्हेट ठोकायचा. दट्ट्याचा जोर अगदी बेताचा लागायचा. कमी पडला तर रिव्हेट ढिलं राहणार, जास्त झाला तर बॅकेलाइट तडकणार. बॅकेलाइट काचेसारखं नाजूक. म्हणूनच त्या लाइनवर सगळ्या बायका घेतल्या होत्या. आमचे हात हलके, असं खुद्द आठल्ये साहेबच म्हणायचे.

"आता हे बघा," साहेबांनी खिशातून कागद काढला. "मी सुपरवायझरला प्रत्येक फुटक्या स्विचची वेळ लिहायला लावली होती. सकाळी काम सुरू झाल्यावर लगेच. दहाच्या चहानंतर लगेच. जेवणानंतर, आणि मग तीनच्या चहानंतर. मधल्या वेळात फारसे फुटतच नाहीत. याचा अर्थ काय?"

साहेबांनी कागदाची घडी घातली.

"याचा अर्थ असा की गप्पा मारून आलात की तुमचं लक्ष ठिकाणावर नसतं. हात इथे आणि मन तिथे, चहाच्या टेबलावर."

"साहेब, चहा तर आम्ही चार वर्षं पितोय," हौसामावशी म्हणाल्या.

हौसामावशी निकम आमच्यात सगळ्यात थोरल्या. पन्नाशीच्या. साहेबांना उलट बोलण्याचा हक्क त्यांनी कधी मागितला नव्हता, नुसता घेतला होता.

"मावशी, मला हिशेब दिसतो," साहेब म्हणाले. आवाज चढला नाही. आठल्ये साहेब ओरडणारे नव्हतेच, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं. "शनिवारी मी कागदावर सही करणार आहे. सोमवारपासून ही लाइन पुरुषांची. तुमच्यापैकी चार-पाचजणींना पॅकिंगमध्ये घेता येईल. बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही."

ते गेले. नसीमने वाकून खाली पडलेले स्विच उचलले. नसीम शेख माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची, वीस वर्षांची, बोलायला तिखट. एक फुटका स्विच तिने उजेडात धरला.

"यमुनाताई, हा माझाच आहे. मी दाबला तेव्हा कळलं मला. दट्ट्या आला तो असा आला, की कुणीतरी वरून घण घातला."

"मग थांबायचं ना."

"पाय दाबल्यावर थांबायचं कसं? तुम्ही थांबता?"

सकाळी पहिला स्विच माझ्या हाताखालीही फुटला होता.

माझं वय तेव्हा सव्वीस. वडील नव्हते. आई आणि धाकटी बहीण माझ्याबरोबर सातपूरमध्येच एका खोलीत राहायच्या. बहीण नर्सिंग शिकत होती, तिचं दीड वर्ष राहिलं होतं. त्या दीड वर्षाचा सगळा भरवसा माझ्या उजव्या पायाखालच्या पॅडलवर होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवा नियम लावला. चहाला उठायचं नाही. चहा मशीनपाशी येईल. एकीने प्यायचा, शेजारणीने काम चालू ठेवायचं, मग उलट. लाइन एक मिनिटही थांबता कामा नये आणि बोलायचं नाही.

आणि काय सांगू, त्या दिवशी दहाच्या चहानंतर एक स्विच फुटला नाही. तीनच्या चहानंतरही नाही.

संध्याकाळी साहेब मुद्दाम आले. "बघितलंत? चहाच्या गप्पा बंद, चहानंतरचं फुटणं बंद. मला आनंद होत नाही बरं का हे सांगताना."

खरंच होत नव्हता. पण ते खरे ठरले होते, आणि आम्ही अठराजणी माना खाली घालून आपापल्या पिशव्या आवरत होतो. एकमेकींकडे बघायचीही लाज वाटत होती. फाटकाबाहेर आल्यावर नसीम रडायला लागली. "म्हणजे खरंच आपलीच चूक होती?"

हौसामावशी तिच्यावर करवादल्या, "गप ग! पस्तीस वर्षं मी शेवया केल्यात गप्पा मारत मारत. एक तुटली नाही."

रात्रभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. चहानंतर फुटले नाहीत, पण जेवणानंतर मात्र फुटले होते. नेहमीसारखेच, साठ-सत्तर. जेवायला तर त्या दिवशीही आम्ही उठलो होतो, पण बोललं कोण? घास घशाखाली उतरत नव्हता, गप्पा कुठल्या? अठराजणी मुक्यासारख्या जेवलो आणि परत येऊन स्विच फोडले.

म्हणजे आमचं बोलणं नव्हतं ते. मग चहात आणि जेवणात फरक काय होता? चहाच्या वेळी मशीन थांबली नव्हती.

गुरुवारी जेवणाची घंटा झाली. सगळ्या उठल्या. मी डबा घेऊन उठल्यासारखं केलं आणि लाइनच्या टोकाला, खांबामागे जाऊन उभी राहिले. तिथे भिंतीवर आमचा दत्त होता.

दत्त हे नाव हौसामावशींनी ठेवलं होतं. मागच्या खोलीतल्या कॉम्प्रेसरमधून हवेचा पाइप यायचा आणि आमच्या मशीनना वाटला जाण्याआधी एका रांगेत बसवलेल्या तीन तुकड्यांतून जायचा. पहिला गाळणीचा. त्याच्याखाली काचेसारखी पारदर्शक वाटी. हवा आत शिरली की गोल गोल फिरायची, त्या फिरण्याने तिच्यातलं पाणी आणि गंज कडेला फेकला जाऊन वाटीत उतरायचा. दुसरा दाब ठरवणारा. कॉम्प्रेसरकडून सात किलोच्या दाबाने आलेली हवा तो चार किलोवर आणून पुढे सोडायचा. त्याच्या डोक्यावर फिरवायची मूठ आणि पोटावर घड्याळासारखा काटा. तिसरा तेलाचा. जाणाऱ्या हवेत तो थेंब थेंब तेल मिसळायचा, दट्टे सुरळीत चालावेत म्हणून. एकाने निर्मळ करायचं, दुसऱ्याने आवरायचं, तिसऱ्याने वंगण घालायचं. तिघे एकत्र, म्हणून दत्त. खंडेनवमीला हार घालायचा तोही त्यांनाच आधी.

काट्याकडे रोज बघायचे ते रुंजा मिस्त्री, मेंटेनन्सचे. सकाळी अकराला यायचे, लाइन धडधडत असायची, काटा चारवर असायचा. वहीत 'चार' लिहून ते निघून जायचे. लाइन बंद असताना त्या काट्याकडे कुणी कधी बघितलंच नव्हतं. कशाला बघेल?

मी बघत उभी राहिले. सगळी मशीन बंद, शेडमध्ये शांतता. काटा चारवर.

दोन मिनिटांनी मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. मी नख काचेवर चारच्या खुणेला टेकवलं. काटा नखाच्या पुढे गेला होता. पाच मिनिटांनी तो पाचवर आला. घास न खाता मी तिथेच उभी. पंधरा मिनिटांनी सहा. घंटा व्हायच्या वेळी काटा सातच्या जवळ होता.

बायका परत आल्या. मी जागेवरून ओरडले, "कुणी पॅडल दाबू नका!" पण ऐकलं कुणी? पहिले पाय पडले, आणि एकामागून एक कडकड तडकण्याचे आवाज आले. मी काट्याकडे पाहत होते. तो झटक्याने खाली आला आणि चारवर येऊन असा थांबला, जसं काही झालंच नाही.

मी धावत रुंजा मिस्त्रींकडे गेले. ते पत्र्याच्या स्टुलावर बसून तंबाखू मळत होते.

"मिस्त्री, लाइन बंद असली की काटा चढतो."

"चढल की. हवा हाय आत. हवा काय बसून राहती का?"

"सातपर्यंत चढतो. मग पहिला ठोका सातचा बसतो. चारचा नाही."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि माझ्याकडे बारीक नजरेने पाहिलं. रुंजा गांगुर्डे हे मिस्त्री म्हणून पक्के. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बिघाड सांगणारे.

"यमुना, तुझी नोकरी चालली म्हणून तू भिंतीवरच्या काट्याला नाव ठेवती व्हय? मी सौताच्या हातानं सगळं धुतलंय दसऱ्याला. सगळं खोलून, पुसून. जा, वाटी बघून ये. थेंब पाण्याचा हाय का? हवा कशी कोरडी खणखणीत हाय."

ते खरंच होतं. वाटी कोरडी होती. मी लाइनवर परत आले आणि हौसामावशींच्या शेजारी बसले.

"मावशी, तुम्ही रोज सकाळी वाटीतलं पाणी काढता ना?"

"काढते की. मशीनची सकाळची सोय माझ्याकडं." हा त्यांचा रोजचा विनोद. वाटीच्या बुडाची चावी सोडून त्या खाली एक जुना कप धरायच्या. पावसाळ्यात कपभर गढूळ पाणी निघायचं, इतर वेळी अर्धा कप. "पण दसऱ्यापासून येतच नाही बघ. देवानं आयकलं. पूजा चांगली झाली यंदा."

"एकदाही नाही?"

"एक थेंब नाही. का ग? असं का बघतीस?"

मी नसीमकडे वळले. "नसीम, तुझी बाही ओली का असते?"

नसीमच्या मशीनला हवेची एक छोटी बंदूक जोडलेली होती, तांब्याचा चुरा उडवायला. "काय माहीत. दसऱ्यापासून ही बंदूक थुंकते. बघा," आणि तिने ती माझ्या तळहातावर सोडली.

तळहातावर बारीक बारीक थेंब उमटले. त्यांच्यात लालसर काहीतरी होतं. मी हात नाकाशी नेला. लोखंडाच्या गंजाचा वास आला.

पाणी यायचं थांबलं नव्हतं. ते वाटीत न उतरता पुढे चाललं होतं.

तिथे बसल्या बसल्या मला खंडेनवमीचा दिवस आठवला. सगळी लाइन धुऊन काढलेली. मिस्त्रींनी दत्ताचे तीनही तुकडे खोलून टेबलावर मांडलेले. हिरव्या ऑइल पेंटचा डबा, आणि ब्रश माझ्या हातात. रंगाचं काम दरवर्षी माझ्याकडेच असायचं, माझा हात स्थिर म्हणून. मी एक नाही, दोन हात दिले होते, जाड, चकचकीत. सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

गाळणीच्या अंगावर एक बारीक खोदलेला बाण होता. हवा कुठून कुठे जाते ते सांगणारा. रंग देताना मी तो पाहिला होता. त्याच्यात धूळ भरलेली, म्हणून मी ब्रश मुद्दाम दोनदा फिरवला होता, तो बुजावा आणि सगळं सारखं दिसावं म्हणून.

गाळणी परत बसवताना मिस्त्रींना तो बाण दिसलाच नसणार.

तरीही मी उठले आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. अजून तासभर विचार केला असता तर गेले नसते.

"साहेब, उद्या जेवणाच्या सुट्टीत तुम्ही लाइनवर या. आम्ही अठराजणी तुमच्यासमोर भिंतीला टेकून बसतो. मशीनला बोट लावणार नाही. तुम्ही फक्त काट्याकडे बघा. आणि घंटा झाली की पहिलं पॅडल तुम्ही दाबा."

"मी?"

"तुम्ही. तुम्ही तर गप्पा मारत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि नाही फुटला तर?"

"तर तुम्हाला शनिवारपर्यंत थांबायला नको. आम्ही युनियनकडेही जाणार नाही. आपल्या पायांनी जाऊ."

हे बोलून मी बाहेर आले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी हे कुणालाच विचारलं नव्हतं.

हौसामावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "यमे, अठराजणींच्या पोटावर पैज लावून आलीस? तुझ्या एकटीच्या लावायची होतीस!"

"एकटीच्या पोटावर साहेब आले नसते, मावशी."

त्यांनी काम परत हातात घेतलं. मग म्हणाल्या, "काटा चढला नाही तर मी तुला त्याच कपातलं पाणी पाजीन. ध्यानात ठेव."

शुक्रवारी साहेब घंटेच्या आधीच आले. कुणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली. बातमी पसरली होती. पॅकिंगचे, टूलरूमचे लोक दाराशी गोळा झाले होते. रुंजा मिस्त्री खांबाला टेकून उभे, हाताची घडी घालून. आम्ही अठराजणी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो, मांडीवर डबे. उघडला एकीनेही नाही.

काटा चारवर होता.

पाच मिनिटं गेली. काटा चारवर. मला काल तो दोन मिनिटांत हललेला दिसला होता. मिस्त्री खाकरले. नसीमने माझ्या कोपराला घट्ट धरलं. मनात म्हटलं, आज नेमकं आत अडकलेलं गंजाचं जे काय असेल ते बाजूला झालं असेल तर? सतरा घरं मी बुडवली.

"यमुनाबाई," साहेब मान न वळवता म्हणाले, "किती वेळ लागतो म्हणालात?"

"बघत राहा, साहेब."

सातव्या मिनिटाला साहेब पुढे झुकले. चष्मा पुसला, परत घातला. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि काचेवर टोक टेकवलं, मी नख टेकवलं होतं तसंच.

"हं," ते म्हणाले.

एवढंच. पण त्या 'हं'बरोबर मिस्त्रींच्या हातांची घडी सुटली. ते जवळ आले. पाच. सव्वापाच. साडेपाच. सहा. तिघे-चौघे पुरुष साहेबांच्या खांद्यावरून डोकावत होते आणि साहेबांना त्याचं भान नव्हतं.

"गांगुर्डे, तुम्ही याला हात लावलेला नाही ना?"

"न्हाई, साहेब. आईशप्पथ."

"या बायकांपैकी कुणी?"

"त्या तर हितं बसल्यात की, तुमच्याम्होरं."

घंटा झाली. काटा सातला टेकला होता. साहेब उठले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि माझ्या मशीनवर येऊन बसले. मी स्विचमध्ये पट्टी बसवून दिली, रिव्हेट ठेवलं. साहेबांनी अगदी हलकेच, एखाद्याच्या दुखऱ्या पायावर पाय पडू नये अशा बेताने, पॅडल दाबलं.

दट्ट्या धाडकन खाली आला. स्विचचे तीन तुकडे झाले आणि त्यातला एक उडून साहेबांच्या टायला लागला.

मग हौसामावशी भिंतीपाशी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "साहेब, मन कुठं होतं तुमचं?"

काय हशा उसळला म्हणून सांगू. दाराशी उभे पुरुष हसले, मिस्त्री हसले, आम्ही अठराजणी तर हसता हसता रडलो. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग तेही हसले, टायवरचा बॅकेलाइटचा कण झटकत.

"बरं," ते म्हणाले. "फुटतो कशाने ते कळलं. काटा का चढतो?"

"वाटी कोरडी आहे म्हणून," मी म्हटलं.

मी नसीमला बंदूक सोडायला सांगितली. साहेबांच्या पांढऱ्या रुमालावर लाल ठिपके उमटले. "हे पाणी वाटीत थांबायला हवं होतं. ते पुढे येतंय. त्यातला गंज दाबाच्या तुकड्यात कुठेतरी अडकत असणार. दार नीट मिटत नसेल. लाइन चालू असते तेव्हा हवा वापरली जाते, कळत नाही. बंद झाली की फटीतून हवा येतच राहते, येतच राहते."

मिस्त्रींनी मुख्य चावी बंद केली, पाइपातली हवा सोडली, पान्हा घेतला आणि आधी दाबाचा तुकडा खोलला. आतली रबराची चकती त्यांनी तळहातावर घेतली. तिच्या कडेला, खसखशीएवढा, गंजाचा एक कण रुतून बसला होता. एवढासा. त्याच्यामुळे अठरा घरं रस्त्यावर येत होती.

मग त्यांनी गाळणी काढली. उलटसुलट करून पाहिली. खिशातली चिंधी थिनरमध्ये बुडवून तिच्या अंगावर घासायला लागले. हिरवा रंग सुटत गेला आणि खालून बाण उघडा झाला. मिस्त्रींनी गाळणी बसवली होती तशाच दिशेने धरून पाहिली.

बाणाचं तोंड कॉम्प्रेसरकडे होतं.

"उलटी बसवली," मिस्त्री हळूच म्हणाले. "हवा उलटी जाती. फिरत न्हाई, मग पानी पडंल कसं?" त्यांनी मान वर केली नाही. "माझी चूक, साहेब. तीस वर्षांत कधी न्हाई केली."

"बाण कसा दिसला नाही तुम्हाला?"

"रंग होता."

"रंग कुणी दिला?"

मिस्त्रींना माहीत होतं. टेबलापलीकडे बसून त्यांनीच तर मला ब्रश दिला होता. तरी ते म्हणाले, "माझ्या खात्याचं काम हाय ते. बघायला मी पायजे होतं."

"रंग मी दिला," मी म्हटलं. "बाण पाहिला होता मी. तरी बुजवला. सगळं सारखं दिसावं म्हणून."

नसीमने माझ्याकडे पाहिलं, हौसामावशींनी पाहिलं. ज्या तेरा-चौदाजणी सोमवारी घरी बसल्या असत्या, त्या सगळ्यांनी पाहिलं. साहेबांनी मिस्त्रींच्या हातातली गाळणी घेतली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल. तुमच्या केबिनमध्ये यायच्या आधी."

"आणि तरी आलात."

"स्विच तर आमच्या हाताने फुटत नव्हते, साहेब. ते सांगायचं होतं."

साहेबांनी गाळणी माझ्या हातात दिली. "लाल रंग आहे का कुणाकडे? यमुनाबाई, या बाणात लाल रंग भरा. मग गांगुर्डे बसवतील."

दुपारभर मी आणि मिस्त्री तिथे होतो. मी बाणात लाल रंग भरला, ते चकती धुऊन बसवत होते. प्रत्येक दट्ट्यात त्यांनी तेल सोडलं, कारण पाण्याने आतलं तेल धुऊन गेलं होतं. दसऱ्यापासून मधल्या वेळात काही रिव्हेटही ढिली राहत होती, ती त्यामुळे. एकदा ते नुसतंच म्हणाले, "पान्हा धरता येतो का ग?" मी म्हटलं, "शिकवा." आणि त्यांनी पान्हा माझ्या हातात दिला.

शनिवारी सकाळी हौसामावशी कप घेऊन दत्तापाशी गेल्या तेव्हा सगळ्या लाइनने त्यांच्यामागे गर्दी केली. त्यांनी चावी सोडली. आधी नुसतीच हवा फुसफुसली. मग तळाशी साचलेलं गढूळ, लालसर पाणी धार लागून कपात पडलं. अर्धा कप. हौसामावशींनी तो कप नारळाचं पाणी दाखवावं तसा दोन्ही हातांनी वर धरला, आणि एवढ्या घाण पाण्यासाठी अठरा बायका टाळ्या वाजवत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत साहेब पुन्हा खुर्ची टाकून बसले. या वेळी मात्र आम्ही डबे उघडले आणि मुद्दाम मोठमोठ्याने गप्पा मारल्या. अर्धा तास काटा चारवर होता. हलला नाही, थरथरला नाही. घंटा झाली. अठराजणी बसल्या.

"सगळ्यांनी एकदम," साहेब म्हणाले. "मी तीन म्हणेन."

तीन म्हटल्यावर अठरा दट्टे एकदम खाली आले. असा एकसारखा, मऊ ठोका त्या शेडने कधी ऐकला नसेल. अठरा स्विच आम्ही उचलून उजेडात धरले. एकालाही तडा नव्हता. साहेबांनी सही करायचा तो कागद खिशातून काढला, चार घड्या घातल्या आणि खुर्चीचा एक पाय हलत होता त्याच्याखाली सारला.

आठल्ये साहेब पुढे पाच वर्षं आमच्याकडे होते, मग बडोद्याला मोठ्या जागेवर गेले. जाताना त्यांनी चहाचा नियम लेखी करून दिला: दहा आणि तीन, उठून, टेबलाशी, गप्पांसकट. निवृत्तीनंतर पुण्यात राहायचे. दर दसऱ्याला त्यांचं पोस्टकार्ड यायचं, त्यावर शाईने काढलेला एक लाल बाण. ज्या वर्षी ते आलं नाही त्या वर्षी मला कळलं.

नसीमचं लग्न होऊन ती मालेगावला गेली. यंत्रमागाच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याने कॉम्प्रेसर घेतला तेव्हा त्याने गाळणी बसवायच्या आधी तिला बोलावलं होतं, असं ती फोनवर सांगते. दर वेळी सांगते आणि दर वेळी त्याची नक्कल करून हसते. माझ्या बहिणीने नर्सिंग पुरं केलं, तीस वर्षं सिव्हिलमध्ये काढली.

रुंजा मिस्त्रींनी मला दोन वर्षं शिकवलं. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आपला पान्हा साहेबांच्या समोर माझ्या हाती दिला आणि मेंटेनन्सच्या वहीत माझं नाव चढलं. पॅडलवरून मी उठले ती परत बसले नाही. दोन हजार अकरा साली निवृत्त झाले तेव्हा माझ्या हाताखाली सात पुरुष होते, आणि खंडेनवमीला रंगाचा डबा उघडण्याआधी सगळ्या बाणांना लाल रंग भरायचा, हा त्या कारखान्यात पूजेइतकाच पक्का रिवाज झाला होता.

हौसामावशी सगळ्यात जास्त जगल्या. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची सून म्हणाली, उपयोग नाही, कुणाशी बोलत नाहीत. मी खाटेशी बसून त्यांचा हात हातात घेतला. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"यमे, पाणी येतंय का ग वाटीत?"

"येतंय, मावशी. अर्धा कप."

"मग कर लाइन चालू," त्या म्हणाल्या.